जुन्या घराचे आतले तोडकाम: घणाआधी पाणी

पुण्यात जुने घर आतून मोकळे करायचे ठरले की पहिला फोन मिस्त्रीला जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार बिगारी, दोन घण, एक ब्रेकर आणि रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा दारात हजर असतो. नव्या टाईल्सच्या रंगावर महिनाभर चर्चा झालेली असते, पण जे पाडायचे ते कशाचे बनलेले आहे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारलेला नसतो. मी गेली वीस-बावीस वर्षे पेठांमधल्या आणि कोथरूड, सहकारनगर भागातल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे पाहतो. या कामातले निम्मे कष्ट घण उचलण्याआधीचे असावेत आणि त्यांतला पहिला म्हणजे घराची पाहणी, असे माझे मत झाले आहे.

पाहणीत आधी घराचे वय विचारावे, आणि त्याहून अधिक महत्त्वाचे म्हणजे दुरुस्त्या कधी झाल्या ते विचारावे. घडीव दगडाचे जोते, लाकडी खांब आणि तुळया, मातीत रचलेली वीट आणि वर मंगलोरी कौले अशा मूळ वाड्यात घातक म्हणावे असे फारसे काही नसते. धोका येतो तो पुढच्या डागडुजीतून. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला धरणे फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा पडझड झालेली घरे मिळेल त्या सामानाने पुन्हा उभी राहिली. त्या काळात आणि त्यानंतरची दोन-तीन दशके कौलांच्या जागी सिमेंटचे पत्रे बसले, संडासाच्या हवेच्या नळ्या सिमेंटच्या आल्या आणि दारे-खिडक्यांवर ऑइल पेंटचे थरावर थर चढले. पहिल्या पिढीतल्या फ्लॅटांनाही हेच लागू आहे.

ज्याला आपण ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो, तो पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचा असतो. सिमेंटला ताकद यावी म्हणून त्यात या खनिजाचे तंतू मिसळतात आणि त्यांचे प्रमाण वजनाने साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. गच्चीवरची शेड, मोरीवरचे छप्पर, माळ्याला मारलेली सपाट शीट, पावसाच्या पाण्याची पन्हाळ आणि नळ, बंबाचे किंवा चुलीचे धुराडे ही त्याची नेहमीची ठिकाणे. पत्र्यावर आयएसआयचा शिक्का शाबूत असेल तर त्याखालचा क्रमांक पाहावा. आयएस ४५९ हे ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पन्हाळी पत्र्यांचे मानक आहे आणि आयएस १६२६ हे इमारतीत वापरायच्या ॲस्बेस्टॉस सिमेंट नळ्यांचे. यांपैकी एखादा क्रमांक दिसला की तपासणीवर पैसे खर्च करण्याचे कारण उरत नाही. दुसरी ठिकाणे लहान आणि म्हणूनच फसवी असतात: जुन्या किटकॅट फ्यूजमधले पांढरे दोरीसारखे आवरण, मीटरच्या फळीमागचा करडा पुठ्ठा, जुन्या गिझरच्या किंवा भट्टीच्या दाराभोवतीची दोरी. पत्र्यातले तंतू निदान सिमेंटने धरून ठेवलेले असतात. दोरी आणि पुठ्ठ्यातले नुसत्या बोटाने चोळले तरी सुटतात, त्यामुळे तिथे स्वतः हात घालूच नये.

हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, आणि श्वासाबरोबर फुफ्फुसात गेले की शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना माणसात कर्करोग घडवणारे पदार्थ म्हणून पहिल्या गटात ठेवले आहे. आजार दिसायला दहा ते चाळीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात, आणि ‘आम्ही आयुष्यभर हेच केले, काही झाले नाही’ हे मिस्त्रीचे वाक्य इतके पटण्याजोगे वाटते ते याच उशिरामुळे. शाबूत, रंगवलेला आणि हात न लागणारा पत्रा घरावर असणे हे स्वतःहून संकट नव्हे. तो कापणे, भोसकणे, घासणे आणि फोडणे यांतून धोका निर्माण होतो. तोडकामात नेमके हेच होते.

शिक्का नसेल आणि शंका असेल तर नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्यावा. नमुना घेण्याची जागा पाण्याने भिजवावी, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा पक्कडीने हळूच मोडावा, तो दुहेरी झिप पिशवीत घालावा आणि तुटलेल्या कडेवर रंगाचा हात मारावा. निकाल येईपर्यंत तो पदार्थ ॲस्बेस्टॉसच आहे असे धरून चालावे.

शिशाच्या रंगाची गोष्ट आणखी घरोघरची आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा बंधनकारक नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा चकचकीत ऑइल पेंट, विशेषतः पिवळा, हिरवा, लाल आणि केशरी, संशयितच मानावा. भिंतीवरच्या साध्या चुन्याच्या सफेदीत शिसे नसते. ते दारे, चौकटी, खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे आणि स्वयंपाकघराच्या भिंतीचा ऑइल पेंटचा पट्टा यांत असते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि अमुक इतके शिसे सुरक्षित अशी मर्यादा वैद्यकशास्त्राला माहीत नाही. तपासणीला रंगाची खपली देताना ती लाकडापर्यंत खोल काढावी, कारण वरचा थर नवा आणि निर्दोष असला तरी खालचे चार जुने असतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये थोडा पारा असतो, म्हणून त्या तोडकामाआधी काढून, न फोडता, इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्याव्यात. डक्टमध्ये आणि पोटमाळ्यावर साचलेली कबुतरांची वाळकी विष्ठा फुफ्फुसाचे विकार देते. ती ओली केल्याशिवाय हलवू नये. बिडाच्या जुन्या ड्रेनेजच्या नळ्यांचे जोड वितळलेले शिसे ओतून भरलेले असतात, ते जाग्यावर तापवून मोकळे करू देऊ नयेत. जुन्या लाकडाला वाळवीसाठी काय मारले होते याचा पत्ता लागत नसेल, तर ते उघड्या हातांनी रंधायला घेऊ नये.

आता तयारी. भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला हवा, विशेषतः वाड्यात, जिथे वरकरणी नुसती आडभिंत वाटणारी भिंत वाकलेल्या तुळईला आधार देत उभी असते. त्यानंतर वीज. पुढच्या सगळ्या कामात पाण्याचा फवारा मारायचा असल्यामुळे घराचा मूळ पुरवठा मेन स्विचपासून बंद असला पाहिजे आणि हत्यारांसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावलेली वेगळी तात्पुरती लाइन ओढली पाहिजे. लाकडी पट्टीतले जुने कापडी वायरिंग मेलेले दिसले तरी टेस्टर लावल्याशिवाय ओढू नये. गॅसची जोडणी संबंधित कंपनीच्या माणसाकडूनच तोडून घ्यावी.

पंखे, पडदे, गाद्या, देव्हारा, पुस्तके असे हलवता येईल ते सगळे बाहेर न्यावे आणि घरातली मुले व गरोदर बाई यांना त्या दिवसांत दुसरीकडे राहायला पाठवावे. कामाची खोली १५० ते २०० मायक्रॉन जाडीच्या प्लॅस्टिकने बंद करावी: दाराला दोन पडदे एकमेकांवर येतील असे, जमिनीवर दोन थर, कडांना रुंद टेप. इमारतीत इतर बिऱ्हाडे असतील तर जिन्याच्या तोंडाशी ओले पोते अंथरावे आणि वरच्या काकूंना वाळत घातलेले कपडे आत घ्यायला आदल्या दिवशीच सांगावे. हा सल्ला मला महागात पडून मिळाला. नारायण पेठेतल्या एका घरी मोरीवरचे दोनच पत्रे काढायचे होते, म्हणून मी दुपारी येतो असे सांगून निघालो. परत आलो तेव्हा पोरांनी पत्रे हातोड्याने फोडून चौकात टाकले होते, शेजारच्या दोरीवरच्या पांढऱ्या पातळावर करड्या भुकटीचा थर बसला होता आणि एक आजी तो हाताने झटकत होत्या. ते पातळ मी ओले करून पिशवीत बांधले, नवे घेऊन दिले आणि तेव्हापासून पत्रे उतरवताना जागा सोडलेली नाही.

मास्कविषयी स्पष्ट लिहितो. तोंडावर बांधलेला गमछा किंवा निळा सर्जिकल मास्क या धुळीपुढे निरुपयोगी आहे. प्लॅस्टर आणि फरशीच्या कामाला किमान एन-९५ किंवा एफएफपी-२, आणि ॲस्बेस्टॉसच्या कामाला एफएफपी-३ किंवा पी-१०० फिल्टरचा रबरी मास्क लागतो. दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही आणि धूळ कडेने आत जाते, म्हणून त्या दिवशी दाढी करून यायला सांगावे. कामाचे कपडे कामावरच ठेवावेत, हातपाय धुऊन आणि शक्यतो अंघोळ करूनच घरी जावे, कारण कपड्यांना चिकटून घरी गेलेल्या तंतूंनी कामगारांच्या बायकामुलांना आजार झाल्याची नोंद जगभर आहे. तंबाखूचाही विषय टाळता येत नाही. रंग खरवडलेल्या तळहातावर चुना आणि तंबाखू मळून तो दाढेखाली धरणे म्हणजे शिसे थेट पोटात घालणे, आणि बिडी ओढणाऱ्याला ॲस्बेस्टॉसचा धोका कित्येक पटींनी वाढतो. मी चहाच्या आधी बादली आणि साबण स्वतः मांडतो. सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

पत्रे उतरवताना पहिला धोका धुळीचा नसून पडण्याचा असतो. जुना पत्रा ठिसूळ असतो, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि माणसाच्या वजनाने तो सरळ तुटतो. म्हणून त्यावर पाय ठेवू नये. खालून परांची बांधून काम करावे, आणि वर जावेच लागले तर फळ्या खालच्या आडव्या बारांवर टेकतील अशा टाकून, कमरेला दोर आणि पट्टा बांधून जावे. पत्रा दोन्ही अंगांनी भिजवावा. पंधरा लिटरच्या फवारणी पंपात भांड्यांच्या साबणाचे चमचाभर पाणी मिसळले की पाणी नुसते ओघळून जात नाही, आत मुरते. जोराच्या धारेचा पाइप मारू नये, तिने तंतू उलट खरवडून निघतात. गंजलेले हुक आणि बोल्ट आदल्या दिवशी तेल सोडून ठेवावेत. तरीही फिरले नाहीत तर बोल्ट कटरने कापावेत, पत्रा कापू नये. मग वरचा पत्रा आधी, शेवटी बसवलेला पहिल्यांदा, या क्रमाने एकेक अख्खा पत्रा दोघांनी धरून खाली द्यावा. खाली तो प्लॅस्टिकवर आडवा ठेवून लगेच गुंडाळावा, दुसऱ्यांदा गुंडाळावा, टेप मारावी आणि वर ठळक अक्षरांत ‘ॲस्बेस्टॉस, फोडू नये’ असे लिहावे.

रंगवलेल्या लाकडाची बाब वेगळी. दारे-खिडक्या चौकटीसकट अख्ख्या काढता आल्या तर रंग खरवडण्याचा प्रसंगच येत नाही. खरवडायचाच असेल तर ओला करून, पत्तीने आणि वॉटर पेपरने. कोरड्या सँडरने नाही आणि बत्तीच्या ज्योतीने तर मुळीच नाही, कारण ज्योतीने शिशाची वाफ होते. निघालेल्या फळ्या बिगारी जळणाला मागतात आणि आपण आनंदाने देतो. त्या बंबात आणि चुलीत जातात, राखेत शिसे उरते आणि त्या राखेने भांडी घासली जातात. रंगवलेले लाकूड जळणाला देऊ नये. बदल्यात चार पैसे जास्त द्यावेत.

प्लॅस्टर, विटा, लाद्या आणि ग्रॅनाइटचा ओटा यांत ॲस्बेस्टॉस नसले तरी सिलिका (वाळूत असते ते खनिज) असते, आणि तिची बारीक धूळ सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार देते. वायरिंगच्या झिऱ्या मारताना कोरडा ग्राइंडर लावला की पाच मिनिटांत खोली पांढरी होते, आणि ती धूळ तासन् तास हवेत राहते. धूळ ओढणारी नळी जोडता येणारी मशीन भाड्याने घ्यावी, नाहीतर छिन्नी-हातोड्याने भिंत भिजवून झिरी काढावी. ओल्या भिंतीजवळ विजेचे हत्यार चालवायचे असेल तर ते पाण्याच्या कामासाठीच बनवलेले असावे.

राडारोडा निघाल्यावर त्याची गल्लत करू नये. विटा, प्लॅस्टर, काँक्रीट आणि लाद्या वेगळ्या भराव्यात. महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे, आणि नदीपात्रात किंवा टेकडीच्या पायथ्याशी रात्री गाडी रिकामी करणारा ठेकेदार स्वस्त पडला तरी घेऊ नये. ॲस्बेस्टॉस मात्र या गोण्यांत जाता कामा नये, कारण तिथे सगळे भरडले जाते. गुंडाळलेले पत्रे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्राकडे जातात. पुण्याला जवळचे केंद्र रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. ॲस्बेस्टॉसच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी आयएस ११७६८ हे मानक आहे, त्याचा उल्लेख ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये करून घ्यावा आणि माल पोचल्याची पावती हातात आल्यावरच शेवटचे पैसे द्यावेत. चांगले दिसणारे पत्रे कुणाला गोठ्यासाठी देऊ नयेत, कितीही गोड बोलून मागितले तरी.

शेवटची सफाई झाडूने करू नये. घरातला साधा व्हॅक्यूमही नको, तो बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो. हेपा, म्हणजे अतिबारीक धूळही अडवणाऱ्या, फिल्टरचा मिळाला तर उत्तम. नाहीतर छतापासून खाली, ओल्या फडक्याने, दर भिंतीला नवे फडके घेऊन पुसावे आणि ती फडकीही धोकादायक कचऱ्याच्या पिशवीत बांधावीत. जमिनीचे प्लॅस्टिक फवारा मारून आतल्या बाजूला गुंडाळत न्यावे. मग खोली रात्रभर बंद ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पुसावी. संध्याकाळी अंधार पडल्यावर दिवे लावण्याआधी टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरावा: प्रकाशाच्या पट्ट्यात कण चमकताना दिसले तर सुताराला आणखी एक दिवस थांबायला सांगून फडके पुन्हा भिजवावे.