३५० शेव्हीसाठी कार्ब निवडताना: आधी ओळखा, मग मोजा, मग पैसे द्या

जुनी अमेरिकन गाडी घेतलीय, स्मॉल ब्लॉक शेव्ही (शेव्हरोलेचं व्ही-८ इंजिन) आहे, आता कुठला कार्ब (कार्बुरेटर) लावू, असं विचारणाऱ्या नवीन लोकांसाठी लिहितोय. जेट, फ्लोट लेव्हल, चोक हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. माझी गाडी १९७१ ची शेव्हेल, ऑटोमॅटिक. मी हात काळे केले ते कोल्हापूरला बुलेटच्या मिकार्बवर, एक स्लाइड, एक सुई, एक मेन जेट, आणि तिथून थेट चार बॅरलच्या (हवेच्या चार वाटा असलेल्या) हॉली कंपनीच्या कार्बसमोर आलो. सुरुवातीला काहीच उमगत नाही. सगळ्यांचं तसंच होतं, धीर सोडू नका.

आधी इंजिन कुठलं ते स्वतः बघा. विकणारा ३५० (घन इंचांचं) म्हणाला म्हणून ते ३५० होत नाही. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, ड्रायव्हरच्या बाजूला, बेलहाउसिंग जिथं जोडतं तिथं कास्टिंग नंबर असतो, ३९७००१० दिसला की लोक लगेच खूश होतात, पण याच नंबरचे ब्लॉक ३०२, ३२७ आणि ३५० या तिन्ही इंजिनांत गेलेत. तिघांचा बोअर ४ इंच, फरक फक्त स्ट्रोकचा. त्यामुळे समोर उजव्या बाजूला, हेडच्या खाली जो सपाट पॅड आहे, त्यावरची शेवटची अक्षरंही वाचा. ग्रीस साफ करायचा कंटाळा करू नका, पुढचं सगळं गणित याच्यावर आहे.

आता साइझ. क्युबिक इंच गुणिले जास्तीत जास्त आरपीएम, भागिले ३४५६. हा आकडा येतो कुठून, तर एका घनफुटात १७२८ घन इंच आणि फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण श्वास घेतं म्हणून त्याची दुप्पट. ३५० इंजिन ५५०० आरपीएमला ५५७ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) होतात, पण साधं रस्त्यावरचं इंजिन कधी पूर्ण भरत नाही, ८५ टक्के धरा, म्हणजे साधारण ४७३. मग ६०० चा कार्ब पुरून उरतो! चांगले हेड, मोठी कॅम, ६५०० आरपीएम आणि ९५ टक्के धरलं तरी ६२५ च येतं. "मोठा घे रे, नंतर जेट लहान करू" म्हणणाऱ्यापासून लांब राहा, मग तो कितीही वर्षं या धंद्यात असो. व्हेंचुरी (बॅरलमधली अरुंद जागा) मोठी असली की हवा हळू जाते, बूस्टरला (तिच्या मधोमध पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या नळीला) ओढ मिळत नाही, पेट्रोलचे थेंब मोठे पडतात आणि पॅडल दाबलं की गाडी आधी बसते मग पळते. जेट बदलून ही ओढ वाढत नाही.

आणखी एक, टू-बॅरलचा ५०० आणि फोर-बॅरलचा ५०० सारखा नसतो. फोर-बॅरल १.५ इंच मर्क्युरी इतक्या व्हॅक्यूमला मोजतात, टू-बॅरल ३ इंचाला. टू-बॅरलचा ५०० हा फोर-बॅरलच्या हिशेबात ३५४ च्या आसपास.

आता तो सापळा, ज्यात मी बरेच दिवस अडकलो होतो, त्यामुळे इथं लांबण लावणार आहे.

हॉलीवर चोकच्या पट्टीभोवती जी उंच भिंत असते, तिच्या पुढच्या बाजूला लिस्ट नंबर (मॉडेलचा नंबर) ठोकलेला असतो, खाली तारखेचा कोड. १८५० म्हणजे ६०० सीएफएम, व्हॅक्यूम सेकंडरी (मागची दोन बॅरल व्हॅक्यूमवर उघडणारा). ४७७७ म्हणजे ६५० डबल पंपर (मागची बॅरलही पॅडलनेच उघडणारा, पुढे-मागे दोन्हीकडे पंप असलेला), ४७७९ म्हणजे ७५० डबल पंपर. इथपर्यंत सोपं आहे. पण स्वॅप मीटमध्ये (जुन्या पार्टच्या बाजारात) असे कितीतरी कार्ब मिळतात ज्यांची ही भिंतच कापून टाकलेली असते, रेसवाले हवा सरळ जावी म्हणून कापतात, आणि भिंतीबरोबर नंबरही जातो. मग विकणारा कार्ब उलटा करतो, खालच्या थ्रॉटलच्या भोकाला कॅलिपर लावून दाखवतो, १ पूर्णांक ११/१६ इंच, म्हणतो बघा, सातशे पन्नास. मलाही हेच दाखवलं गेलं आणि माप खोटं नव्हतंच. पण ४७७७ आणि ४७७९, दोघांचंही थ्रॉटल बोअर १ पूर्णांक ११/१६ च आहे! फरक वर आहे, व्हेंचुरीत. ७५० मध्ये चारही व्हेंचुरी १ पूर्णांक ३/८, म्हणजे ३४.९ मिमी. ६५० मध्ये पुढच्या दोन १ पूर्णांक १/४, म्हणजे ३१.७५ मिमी, मागच्या १ पूर्णांक ५/१६. नुसत्या डोळ्याला हे कळत नाही, वरून बूस्टर मधे येतो. खालची बेसप्लेट सोडवायची आणि मेन बॉडीत खालून टेलिस्कोपिक गेज घालून सगळ्यात अरुंद जागा मोजायची. विकणारा बेसप्लेट सोडू देत नसेल तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या टेबलावर जा.

एवढा जीव का काढतोय? कारण ओळख चुकली की त्यानंतरचं प्रत्येक काम चुकतं. ७५० च्या तक्त्याप्रमाणे जेट घातले, खाली बॉडी ६५० ची, तिची ओढ जास्त, त्यात जेट मोठे, प्लग काळेच राहणार. तुम्ही इग्निशन बदलाल, फ्लोट बदलाल, पेट्रोल पंपावर संशय घ्याल, आणि दोष कशातच नसेल. हे सगळं मी केलंय. आणि भिंत शाबूत असून नंबर असला तरी तो कार्ब कारखान्यातून कसा निघाला एवढंच सांगतो. पन्नास वर्षांत कुणी मीटरिंग ब्लॉक (जेट बसतात तो भाग) बदलला, कुणी जेट बदलले, कुणी भोकं मोठी केली, ते उघडल्याशिवाय कळत नाही. जेटवर नंबर असतो, वाचा. मागच्या बाजूला ब्लॉकऐवजी पातळ प्लेट असेल तर तो हॉलीचा ४१६० प्रकार, दोन्हीकडे ब्लॉक असेल तर बहुधा ४१५० घराण्यातला.

व्हॅक्यूम सेकंडरी की डबल पंपर? गाडी जड, ऑटोमॅटिक, मागच्या अॅक्सलचा गिअर ३.०८ सारखा, तर व्हॅक्यूम. डोळे झाकून. मॅन्युअल, हलकी गाडी, ३.७३ किंवा पुढचा गिअर असेल तर डबल पंपर घ्या. १९६९ च्या झेड/२८ कॅमारोला ३०२ इंजिनावर ७८० चा हॉली होता हे उदाहरण तुम्हाला कुणीतरी देणारच. पण ते इंजिन ७००० च्या पुढे फिरायचं, आणि तो कार्ब व्हॅक्यूम सेकंडरीचा होता, इंजिन मागेल तेवढाच उघडणारा. मागची बाजू उशिरा उघडते असं वाटलं तर डायफ्रामची स्प्रिंग बदला, पांढरी सगळ्यात हलकी, काळी सगळ्यात कडक.

गाडीवर मूळचा क्वाड्राजेट (कारखान्यातून आलेला फोर-बॅरल कार्ब) असेल तर कृपा करून फेकू नका. पुढची भोकं लहान, मागची प्रचंड, रस्त्यावर माझ्या मते याच्याइतका समजूतदार कार्ब नाही. ड्रायव्हरच्या बाजूला बॉडीवर उभा नंबर असतो, ७०२९ ने सुरू झाला तर १९६९ चा. शेव्हीत शेवटचा आकडा सम म्हणजे सहसा ऑटोमॅटिकचा, विषम म्हणजे मॅन्युअलचा. फक्त त्याचं मॅनिफोल्ड स्प्रेडबोअर (पुढची भोकं लहान, मागची मोठी असं) असतं, चौकोनी हॉली त्यावर अडॅप्टर घालून बसवण्याचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, हवा चढउतार करत जाते आणि बॉनेटला अडतं ते वेगळंच.

पॉवर व्हॉल्व्हचंही (व्हॅक्यूम पडला की जादा पेट्रोल सोडणारा) बघून घ्या. ६.५ लिहिलेला ६.५ इंच व्हॅक्यूमला उघडतो. ऑटोमॅटिक गिअरमध्ये टाकून आयडलला व्हॅक्यूम किती येतो त्याच्या निम्म्याच्या आसपासचा घाला, मोठ्या कॅममुळे ९ च येत असेल तर ४.५. १९९२ च्या आधीचे हॉली बॅकफायरला हा व्हॉल्व्ह फाडून घेतात, जुना कार्ब असेल तर व्हॉल्व्ह बदलूनच बसवा.

सगळं लावून झालं की व्हॅक्यूम गेज केबिनमध्ये घ्या, मोकळा, सुरक्षित रस्ता बघून पूर्ण पॅडल दाबा, बाजूला बसलेल्या माणसाला काटा वाचू द्या, तुम्ही रस्त्याकडे बघा. वरच्या आरपीएमला काटा १.५ इंचाच्या वर राहत असेल तर कार्ब खरंच लहान पडतोय आणि मोठा घ्यायला हरकत नाही. शून्याजवळ असेल तर कार्ब पुरतोय, तुमचा वेग दुसरीकडे अडलाय, आधी टायमिंग तपासा.