काळ्या कुत्र्याचं पोर्ट्रेट कसं रंगवावं

पाळीव प्राण्यांची चित्रं ऑर्डरवर करून देणाऱ्याला काळा कुत्रा टाळता येत नाही. लॅब्रॅडॉर असो, रॉटवायलर असो, नाहीतर गल्लीतून उचलून आणलेलं पिल्लू असो, काळं कोणीतरी येतंच. आणि त्याबद्दल सगळीकडे एकच सल्ला फिरत असतो: काळा रंग भरा, वरून पांढऱ्याने चमक द्या. हा सल्ला ऐकू नका. तसं केलं की कॅनव्हासला कुत्र्याच्या आकाराचं भोक पडल्यासारखं दिसतं, आणि ज्याचा कुत्रा आहे तो माणूस चित्रात आपलं जनावर शोधत राहतो.

पुढची पद्धत तैलरंगांची आहे. कॅनव्हास तयार करणं, ब्रश सांभाळणं तुम्हाला येतं असं धरून चालते.

ऑर्डर पक्की करणं

माप, पार्श्वभूमी, तारीख आणि किंमत लिहून ठरवा. निम्मे पैसे आगाऊ घ्या. कच्चं रेखाटन दाखवून होकार मिळवा आणि रंग लागल्यावर पोज बदलणार नाही, हे तेव्हाच सांगा. नुसतं डोकं आणि छाती असेल तर १२ × १६ इंच पुरतं.

फोटो

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेला फोटो दाबला जातो आणि काळ्या केसांमधला सगळा तपशील जातो. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. उभं राहून वरून काढलेला नको. खाली बसून, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून हवा. मोबाईल तोंडाजवळ नेला की नाक फुगतं आणि कान मागे पळतात, त्यामुळे दोन मीटर लांबून, झूम करून काढायला सांगा. फ्लॅश अजिबात नको. कुत्र्याच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशने डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि बुबुळाचा खरा रंग कळतच नाही. एका बाजूने खिडकीचा उजेड, दुसऱ्या बाजूला सावली, एवढं पुरतं.

काळ्या कुत्र्याचे दोन फोटो लागतात. एक नेहमीसारखा. दुसरा उजेड मुद्दाम वाढवून काढलेला, म्हणजे केसांचा कल दिसतो. पहिला फोटो गडद-फिकटपणा ठरवायला, दुसरा फक्त केस बघायला. दुसऱ्यावरून रंग घेतलात तर कुत्रा राखाडी होईल.

कुत्रा गेलेला असेल तर नवीन फोटो मिळणार नाहीत. तेव्हा घरच्यांशी बसून बोला, घाई करू नका. कोणता कान पडायचा, तोंडाजवळचे केस कधी पांढरे झाले, गळ्यात पट्टा कसला होता, हे विचारा. छोटा व्हिडिओ असेल तर तो मागाच. मान कशी धरायचा हे व्हिडिओतच कळतं. आणि एक गोष्ट पडताळून घ्या: बऱ्याच मोबाईलचा पुढचा कॅमेरा उजवं-डावं उलटं करतो. घरातल्या मुलीने कुत्र्याबरोबर काढलेल्या सेल्फीवरून चित्र केलं, तर छातीवरचा पांढरा ठिपका चुकीच्या बाजूला जातो. तो ठिपका तुमच्यासाठी तपशील असेल, त्या घरासाठी तीच ओळख असते. दुसरा फोटो समोर ठेवून खात्री करा, नाहीतर मागे दिसणाऱ्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं बघा.

एकाही फोटोत डोळे नीट दिसत नसतील तर ऑर्डर घेऊ नका. अंदाजाने काढलेले डोळे घरच्यांना पहिल्या नजरेत कळतात.

रेखाटन

चौकोन पाडा नाहीतर ट्रेस करा, काहीही चालतं. दोन डोळ्यांमधलं आणि डोळा ते नाक हे अंतर मात्र तीनदा तपासा.

काळा अंगरखा

इथे मी स्वतः बराच काळ अडले होते, आणि बहुतेकजण इथेच अडतात. त्यामुळे सावकाश वाचा.

काळ्या रंगाची ट्यूब बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) एकत्र करा. दोन्ही जवळपास सारखे घेतले की दिसायला काळाच होतो, पण निळं वाढवलं तर थंड काळा मिळतो, अंबर वाढवलं तर ऊबदार. मिश्रण कुठे झुकतंय हे नुसतं बघून कळत नाही. पॅलेटच्या कडेला त्यातला थेंबभर रंग पांढऱ्यात मिसळा, लगेच कळेल. ट्यूबमधल्या आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा घातला की निळसर, मेलेला राखाडी होतो आणि तो उन्हातल्या केसांवर कधीच बसत नाही. शिवाय आयव्हरी ब्लॅक फार हळू वाळतो. बर्न्ट अंबर पटकन वाळतो, आणि तारखेला चित्र द्यायचं असेल तर हा फरक मोठा आहे.

व्हॅन गॉगने १८८५ मध्ये भावाला लिहिलेल्या एका पत्रात सतराव्या शतकातल्या डच चित्रकार फ्रान्स हाल्सच्या चित्रांत सत्तावीस काळे रंग असल्याचं म्हटलं आहे. आकडा मोजून बघायची गरज नाही. काळा हा एक रंग नाही, हे डोक्यात पक्कं बसलं की पुरे.

आता कुत्र्याकडे बघा. काळे केस गुळगुळीत असतात, समोर जे असेल त्याचा उजेड ते परत फेकतात. उघड्यावर सावलीत बसलेल्या कुत्र्याच्या पाठीवर आभाळ उतरतं, म्हणून ती चमक निळी दिसते. ऊन थेट पडलं की केसांमधला तपकिरी वर येतो. उन्हात फार वावरणाऱ्या काळ्या कुत्र्याचे केस तर मुळातच तांबूस पडलेले असतात. घरात ट्यूबलाइट असेल तर चमक थंड, पिवळा दिवा असेल तर गेरूच्या जवळची. मातीच्या अंगणात बसला असेल तर हनुवटीखाली मातीचा तांबडा येतो. हे सगळं आधी डोळ्यांनी शोधायचं आणि मगच ब्रश उचलायचा. फोटोत रंग दिसत नसेल तर फोटो कुठे, कोणत्या वेळी काढला ते विचारा आणि त्यावरून ठरवा.

दुसरी गोष्ट, सगळ्यात गडद काळा सुरुवातीलाच खर्च करू नका. गडदपणाच्या दहा पायऱ्या धरल्या आणि सगळ्यात गडद एक नंबर मानली, तर अंगाची सावली तिसऱ्या पायरीवरून सुरू करा. एक नंबर फक्त नाकपुडी, बाहुली, ओठांची फट आणि कानाच्या खालची घडी यांच्यासाठी. अंगावर तोच वापरला तर नाकपुडीसाठी तुमच्याकडे काही उरतच नाही, आणि मग लोक हायलाईट अजून पांढरा करत सुटतात.

पार्श्वभूमीही याच हिशोबात येते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कुत्रा आणखी काळवंडतो, गडद पार्श्वभूमीत त्याची कडा हरवते. मध्यम टोन घ्या: शेवाळी राखाडी, मळकट गेरू. मी कॅनव्हासला आधीच बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) पातळ हात मारते, म्हणजे काळ्याखालून ऊब डोकावत राहते.

मग मोठा फ्लॅट ब्रश घ्या आणि कवटी रंगवा. हो, कवटी. कपाळ, डोळ्यांमधला खळगा, गालाचं हाड, नाकाचा दांडा, जबडा, एवढे सपाट भाग डोळे किलकिले करून वेगवेगळ्या गडदपणात बसवा. या टप्प्यावर एकही केस काढायचा नाही. इथे कुत्रा ओळखू येत नसेल तर केस काढून तो ओळखू येणार नाही, हे मी लिहून देते.

यानंतर थांबा. पातळ थर दोन-तीन दिवसांत हाताला वाळतो, पावसाळ्यात जास्त लागतात. ओल्या काळ्यावर फिकट निळा लावला की दोन्ही मिसळून चिखल होतो, आणि माझा सगळा झगडा या चिखलाशीच होता. वाळलेल्या थरावर, जवळपास कोरड्या ब्रशने, अगदी थोडा रंग घेऊन चमक बसवा. त्या चमकेत शुद्ध पांढरा नको: अल्ट्रामरीन, पांढरा आणि तुमच्या काळ्या मिश्रणाचा कण.

वाळल्यावर काही भाग निस्तेज, राखाडी दिसतील. घाबरून त्यावर पुन्हा काळा चढवू नका. अंबर असलेल्या थरातलं तेल खाली शोषलं जातं, त्यामुळे असं होतं; रंग बिघडलेला नसतो. टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेलं लिनसीड ऑइल तिथे अगदी हलकं चोळा, जास्तीचं कपड्याने टिपून घ्या. खरा गडदपणा परत वर येतो. मगच पुढचा निर्णय घ्या. 

केस सगळीकडे काढायचे नसतात. उजेड जिथे सावलीत वळतो तिथे आणि बाहेरच्या कडेला काढले की डोळा बाकीचे स्वतः भरून घेतो. कल मात्र चुकवू नका: नाकापासून वर कपाळाकडे, तिथून दोन्ही बाजूंना कानांकडे, डोळ्याखालून मागे गालाकडे. छातीवर बऱ्याच कुत्र्यांना भोवरा असतो, तो फोटोत शोधून तसाच घ्या.

सगळ्यात गडद काळा राखून ठेवायचा नियम पांढऱ्या जनावराला उलटा लागतो. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून माझ्याकडे खिल्लार बैलांच्या ऑर्डरीही येतात. तिथे शुद्ध पांढरा शेवटच्या चार फटकाऱ्यांसाठी राखायचा. बाकीचा बैल निळसर, जांभळट, पिवळसर राखाडीतच उभा करायचा.

डोळे

बुबुळ आधी गडद अंबरने भरा. चमकेचा ठिपका वर डावीकडे असेल, तर बुबुळाचा खालचा उजवा भाग बर्न्ट सिएनाने उजळा. उजेड डोळ्यात शिरून तिथे पोहोचतो. ठिपका आभाळाच्या रंगाचा, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, आणि वरच्या पापणीने किंचित कापलेला. गोल, पूर्ण, पांढराफेक ठिपका काढलात तर डोळा काचेचा होतो.

नाक, मिशा

ओलं नाक निळसर राखाडीच्या दोन फटकाऱ्यांत होतं. मिशा सगळ्यात शेवटी, रिगर ब्रशने (लांब केसांचा बारीक ब्रश), पातळ रंगात, एका दमात.

दाखवणं आणि देणं

मोबाईलवर काळ्या चित्राचा फोटो पाठवून मंजुरी मागू नका. तैलरंगावर उजेड चकाकतो, चमक पांढरी येते आणि माणूस नसलेल्या चुका सांगायला लागतो. शक्यतो घरी बोलावून दाखवा. परगावचं गिऱ्हाईक असेल तर दिवसा, सावलीत, चित्र जरा पुढे कलतं ठेवून फोटो काढा.

शेवटचं व्हार्निश निदान सहा महिन्यांनी. तोवर रिटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या व्हार्निशचा, पातळ हात पुरतो. घेणाऱ्याला तारीख सांगून ठेवा आणि चित्र परत मागवून स्वतः व्हार्निश करा. चित्र कुठे लावायचं तेही सांगा. खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर काळ्या कुत्र्याचं चित्र लावलं तर दिवसभर त्यात खिडकीच दिसते. बाजूच्या भिंतीवर लावायला सांगा.