लँडिंग गिअरच्या पिना: या चुका टाळा

चिकलठाणा विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथं, नवी पोरं विमानाभोवती फेरी मारायला लागली की मी त्यांची नजर कुठं जाते ते बघतो. बहुतेकांची नजर लाल फीत शोधत असते. चूक तिथंच सुरू होते.

विमान ओढून न्यायचं असलं किंवा गिअरपाशी, म्हणजे चाकं धरणाऱ्या पायांपाशी, काम असलं, की चाकं मिटू नयेत म्हणून पिना घालतात. एअरबस ए३२० या प्रवासी विमानाला तीन: नाक (पुढचं चाक), डावं, उजवं. प्रत्येकीला लाल फीत, पण ती कापडाची. उन्हात विटते, तेलानं काळी पडते, तुटूनही जाते. पिन मात्र भोकात तशीच बसून राहते.

एका पावसाळी पहाटे हेच झालं. रात्री मुक्कामाला असलेलं विमान दुसऱ्या बेवर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर, ओढून आणलं होतं. पिना काढायला पाठवलेल्या पोराला दोन फिती दिसल्या, तो दोनच पिना घेऊन वर कॉकपिटमध्ये गेला. नाकाच्या पिनेची फीत आधीच तुटली होती. “काढल्या का रे?” “हो सर, काढल्या.” एवढ्यावर पिनांची पेटी बंद झाली. सहवैमानिकानं पावसात छत्री धरून फेरी उरकली. इंजिन सुरू करण्याआधीच्या चेकलिस्टमध्ये पिनांची ओळ असते. तिथंही ऐकीव उत्तर गेलं. मी शेजारच्या बेवर होतो. विमान उठलं, मागची चाकं पोटात गेली, नाकाचं लटकतच राहिलं. वळसा घेऊन ते सुखरूप परत उतरलं. पण मुंबईला दवाखान्याची वेळ घेतलेलं एक म्हातारं जोडपं त्यात होतं, त्यांची वेळ गेली ती गेलीच. नंतर सगळे त्या पोरावर तुटून पडले. मला राग आला तो न मोजता पेटी लावणाऱ्याचा.

“चाकं खाली राहिली तर बिघडतं काय?” असंही विचारतात. जुलै २०१७ मध्ये कोलकात्याहून मुंबईला निघालेलं एक ए३२० चाकं वर न घेताच उडत राहिलं. तिथं पिनेचा संबंध नव्हता, चाकं वर घ्यायचीच राहिली होती. पण हवेच्या अडथळ्यानं इंधन इतकं खाल्लं की विमान नागपूरला उतरवावं लागलं.

माझी सवय सांगतो. फीत बघायची नाही, भोक बघायचं. टॉर्च मारायचा, बोट लावायचं. मग तिन्ही पिना हातात घेऊन “नाक, डावं, उजवं” असं मोठ्यानं म्हणत कॅप्टनच्या डोळ्यांसमोर पेटीत ठेवायच्या. शक्यतो ज्यानं घातल्या त्यानंच काढाव्यात. वेळ लागतो म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी गिअरजवळ जाऊ देत नाही.

दुसरी चूक याहून वाईट: पिन घातली, पण भलत्याच भोकात. १८ जून २०२१ ला हीथ्रोवर ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७८७ विमानात माल भरणं चालू होतं. एका बिघाडाचा संदेश घालवण्यासाठी कॉकपिटमधला गिअरचा दांडा (चाकं वर घ्यायचा) वर करायचा होता, म्हणून आधी पिना घातल्या. नाकाची पिन योग्य भोकाऐवजी शेजारच्या भोकात गेली. दांडा वर करताच नाकाचं चाक मिटलं आणि विमान तोंडावर आपटलं. ज्याला जागा माहीत होती त्याचा हात तिथं पोचत नव्हता. त्यानं खालून बोट दाखवलं आणि दुसऱ्यानं शिडीवर चढून पिन घातली. बोट दाखवून काम करून घेणं मला म्हणूनच सहन होत नाही. शिडी आणा, स्वतः चढा, पिन कुठं बसली ते डोळ्यांनी बघा.

बाकीचं थोडक्यात. नाकाच्या चाकाचं स्टिअरिंग तात्पुरतं बंद ठेवणारी बायपास पिन वेगळी असते. पुशबॅकनंतर, म्हणजे विमान मागं ढकलून झाल्यावर, ती काढून वैमानिकाला दाखवायचीच. ब्रेक किती झिजलेत हे सांगणारी छोटी दांडी पार्किंग ब्रेक लावलेला असतानाच बघावी, एरवी तिचा अर्थ नाही. ऑलिओचा, म्हणजे गिअरमधल्या धक्के झेलणाऱ्या नळीचा, चकचकीत भाग डाव्या-उजव्या बाजूला सारखाच दिसतोय का, ते बघा. काळ्या मातीची धूळ त्यावर तेलाला चिकटून बसते, ती पुसल्याशिवाय गळती कळत नाही. चाकांच्या खोलीत भर दुपारीही टॉर्च लागतो. आणि विमान नुकतंच उतरलं असेल, ब्रेक तापलेले असतील, तर चाकाकडे पुढून किंवा मागून जा, बाजूनं कधीच नाही.