साबण बिघडला तर आधी वही काढा

घरचा थंड पद्धतीचा, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा न शिजवता घोटून केलेला साबण बिघडला की आधी वही काढा. त्या दिवशी कुठलं तेल किती ग्रॅम घेतलं आणि कॉस्टिक किती, हे लिहून ठेवलेलं असेल तर निम्मं कोडं तिथेच सुटतं.

माझा नेहमीचा घाणा १ किलो तेलाचा. खोबरेल ६००, शेंगदाणा ३००, एरंडेल १०० ग्रॅम, त्याला कॉस्टिक १५५ ग्रॅम. एकदा खोबरेल निम्मंच निघालं, म्हणून उरलेलं ३०० ग्रॅम शेंगदाण्याचं घातलं आणि कॉस्टिक तेवढंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी कापायला गेले तर वडी सुरीखाली खडूसारखी भुरभुरली. ओलं बोट वडीवर फिरवून जिभेच्या टोकाला टेकवलं, तर सेल चाटल्यासारखा झटका! म्हणजे कॉस्टिक जास्त झालं होतं. १०० ग्रॅम खोबरेलाला साधारण १८.३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, शेंगदाण्याला १३.६च. तेल बदललं की कॉस्टिकचा हिशेब नव्याने करायचा.

तो घाणा मी वाचवला. हातमोजे आणि चष्मा घालून सगळं किसलं. स्टीलच्या पातेल्यात कीस, अर्धी वाटी पाणी आणि ७५ ग्रॅम खोबरेल घालून ते पातेलं उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवलं. सुरुवातीला नुसत्या गुठळ्या दिसतात, मग कडेने शिजलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक व्हायला लागतं. ढवळून हात भरून येतो, पण थांबू नका. थंड झालेला कण पुन्हा तपासायचा; झटका गेला की साच्यात दाबून भरायचं. पातेलं ॲल्युमिनियमचं अजिबात नको, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो.

साबण आठवडा झाला तरी लोण्यासारखा मऊ आणि तेलकट राहिला, तर कॉस्टिक कमी पडलंय. कोकणात पावसाळ्यात हे हटकून होतं. उघड्या डब्यातलं कॉस्टिक हवेतलं पाणी ओढतं, आणि काट्यावर आपण ते पाणीही कॉस्टिक म्हणून मोजतो. दाणे चिकटून ढेकूळ झालेलं असेल तर साबणाला वापरू नका.

थंडीत वेगळीच फसगत. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, त्यामुळे तेल आणि कॉस्टिक एकजीव झालेलं नसतानाच मिश्रण दाट झाल्यासारखं वाटतं. साच्यात ओतलं की दुसऱ्या दिवशी वर तेलाचा थर. असं झालं तर हातमोजे घालून सगळं परत पातेल्यात काढा, हलकं कोमट करा आणि ब्लेंडरने पुन्हा घोटा.

वर पांढरी पूड आली तर घाबरू नका, ती धुऊन जाते. पुढच्या वेळी साचा झाकून ठेवा.

नारंगी ठिपके मात्र मनाला लागतात, कारण ते बहुतेकदा साबण महिनाभर सुकवून झाल्यावर दिसतात. वडी नाकाशी धरा. जुन्या फरसाणासारखा खवट वास आला तर तेल खराब झालंय, आणि याला इलाज नाही. अशी वडी मी कुणाला देत नाही, मोरी घासायला ठेवते.