एका घराचे दोन प्रभाग

2015 ला कोल्हापुरात 81 प्रभाग होते, प्रत्येकी एक नगरसेवक. 2026 च्या महापालिका निवडणुकीला प्रभाग 20, जागा तेवढ्याच. मतदारांची प्रारूप (कच्ची) यादी बघितली तर मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात आई-दादा एका प्रभागात, मी नि बायको शेजारच्या! मधे भिंतसुद्धा नाही.

पहिली चूक माझीच. नवीन नाव नोंदवायचा अर्ज भरत बसलो, दिवस फुकट गेला. कट्ट्यावरच्या काकांनी झापलं, "अरं, विधानसभेच्या यादीत नाव हाय न्हवं? मग हरकत घाल की!" खरंच. महापालिकेची यादी विधानसभेच्याच यादीवरून फोडतात. तिथं नसलेलं नाव इथं घालता येत नाही, पण चुकीच्या प्रभागात गेलेलं हलवता येतं.

मग यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, ओळखपत्रांच्या झेरॉक्स आणि घरफाळ्याची पावती जोडून मुदतीत हरकत दिली. पोचेवर शिक्का मिळेपर्यंत खिडकीपासून हललो नाही.

अंतिम यादीत चौघं एकत्र. 15 जानेवारी 2026 ला आई मशीनपुढं बराच वेळ. आमच्या प्रभागातल्या चार जागांची चार मतं, तिला वाटलेलं एकच बटण!