शाब्दिक उदाहरणात समीकरणाच्या आधीचे काम

नाशिकरोडला मी नववी-दहावीच्या मुलांना बीजगणित शिकवतो. स्पर्धा परीक्षेसाठी गणिताकडे पुन्हा वळलेली मोठी माणसेही माझ्याकडे येतात. समीकरण मांडून दिले, तर यांतले बहुतेक जण ते बिनचूक सोडवतात. मात्र तेच समीकरण चार ओळींच्या मजकुरात दडलेले असले, की हात अडतो. म्हणून नवख्यांना माझे पहिले सांगणे असे, की सर्वाधिक वेळ समीकरण तयार होण्यापूर्वीच्या वाचनाला द्यावा.

पिंपळगाव बसवंतकडच्या मुलांना सहज पटेल असे एक उदाहरण घेऊ. एका बागायतदाराने द्राक्षांच्या दोन किलोच्या आणि पाच किलोच्या मिळून ४० पेट्या भरल्या आणि त्यांत एकूण १२५ किलो द्राक्षे बसली, तर प्रत्येक प्रकारच्या पेट्या किती? आधी शेवटचे वाक्य पाहावे. विचारली आहे ती पेट्यांची संख्या, वजन नव्हे. त्यानंतर वहीत पूर्ण वाक्य लिहावे: ‘पाच किलोच्या पेट्यांची संख्या क्ष मानू.’ घाईने नुसते ‘पेट्या = क्ष’ लिहिले, तर दोन ओळींनंतर क्ष म्हणजे पेट्या की किलो, असा घोळ होतो, आणि तो मी दरवर्षी पाहतो.

आता दोन किलोच्या पेट्या ४० − क्ष झाल्या. हे लिहिताना ४० ही माहिती वापरून झाली, हे ध्यानात ठेवावे. तीच माहिती पुन्हा वापरून क्ष + (४० − क्ष) = ४० असे मांडले, तर क्ष उडून जातो आणि हाती फक्त ४० = ४० उरते. समीकरण न वापरलेल्या माहितीतून, म्हणजे १२५ किलोंतून, उभे राहते: ५क्ष + २(४० − क्ष) = १२५. दोन्ही बाजूंना किलोच आहेत ना, एवढे पाहून पुढे जावे. ३क्ष + ८० = १२५, म्हणून क्ष = १५; पाच किलोच्या पेट्या १५ आणि दोन किलोच्या २५.

पडताळा समीकरणात न घेता मूळ मजकुरात घ्यावा, असा माझा आग्रह असतो, कारण समीकरणच चुकीचे मांडले असेल, तर चुकलेले उत्तरही त्यात चपखल बसते. इथे १५ आणि २५ मिळून ४० होतात, ७५ किलो आणि ५० किलो मिळून १२५ होतात. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या.

वयाच्या उदाहरणांत छोटा तक्ता हमखास उपयोगी पडतो. आईचे आजचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे आणि १२ वर्षांनी ते दुप्पट होईल, असे दिले असता अनेक जण १२ फक्त आईच्या वयात मिळवतात. आज क्ष आणि ३क्ष, १२ वर्षांनी क्ष + १२ आणि ३क्ष + १२, अशा दोन ओळी मांडल्या, की ३क्ष + १२ = २(क्ष + १२) हे समोर येते. मुलगा १२ वर्षांचा, आई ३६ वर्षांची.

याहून फसवे वाक्य म्हणजे ‘मुलींची संख्या मुलांच्या तिप्पट आहे’. शब्दांच्या क्रमाने लिहिण्याच्या सवयीमुळे हुशार विद्यार्थीही मुलींच्या संख्येला तीनने गुणतात. अशा वेळी साधी संख्या घालून पाहावी: मुलगे १० असतील, तर मुली ३० हव्यात, म्हणजे गुणायचे ते मुलग्यांच्या संख्येला.

थोडा हात बसल्यावर उलटा सराव करावा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारा सराव हाच. २क्ष + ७ = ३० हे समीकरण घेऊन त्यासाठी स्वतः उदाहरण रचावे. दोन पेने आणि सात रुपयांची पट्टी मिळून ३० रुपये झाले, असे रचले तर पेन साडेअकरा रुपयांचे ठरते आणि उत्तर चालते. परंतु दोन बसमध्ये सारखेच प्रवासी आणि थांब्यावर सात जण, मिळून ३० माणसे, असे रचले तर एका बसमध्ये साडेअकरा प्रवासी येतात; तेव्हा समीकरण बरोबर सुटले तरी उदाहरण बदलावे लागते.