किडनीच्या संशोधनासाठी निधी मागायला जाताना

किडनीचे रुग्ण म्हणून लोकप्रतिनिधी किंवा अधिकाऱ्यांना भेटायला जाताना सगळ्यात आधी मागणी ठरवा, एका वाक्यात लिहून काढा आणि ते वाक्य किडनीच्या आजाराशी काही संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. 'किडनीच्या रुग्णांकडे सरकारनं लक्ष द्यावं' ही मागणी झाली नाही. यावर समोरचा मान डोलावून मोकळा होतो. मूत्रपिंडविकारांच्या संशोधनासाठी पुढच्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद हवी, किंवा आहे ती अमुक इतकी वाढवावी, किंवा रुग्णांची देशपातळीवरची नोंदवही सुरू करायला पैसे द्यावेत, यांतलं एकच काहीतरी धरा. तीन मागण्या नेल्या तर त्यांतली सगळ्यात स्वस्त मान्य होते.

मग या एका उत्तराची तयारी करा: 'अहो, आपण डायलिसिस केंद्र मंजूर केलंय की!' संशोधनाचा विषय काढला की बोलणं हमखास उपचारांवर घसरतं. त्यात लबाडी असतेच असं नाही. केंद्राची फीत कापता येते, संशोधनाची येत नाही. त्यामुळे आभार मानायचे आणि लगेच पुढचं वाक्य बोलायचं: 'केंद्रामुळे आम्ही जगतो, पण डायलिसिसच्या खुर्चीवर येणाऱ्यांची रांग कमी कशी होईल, हे शोधायला पैसे हवेत.' हे वाक्य आपल्या शब्दांत बसवून घरी मोठ्यानं म्हणून बघा. भेटीची निम्मी तयारी इथेच आहे.

या बाबतीत जुनं उदाहरण सगळे देतात, तेही नीट माहीत असू द्या. ४ नोव्हेंबर १९७१ रोजी शेप ग्लेझर या रुग्णानं अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर डायलिसिसच्या यंत्राला जोडलेल्या अवस्थेत साक्ष दिली. पुढच्या वर्षी, ३० ऑक्टोबर १९७२ रोजी, किडनी निकामी झालेल्या बहुतेक रुग्णांचा उपचारखर्च मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून देणारा कायदा झाला. त्यात त्या एका साक्षीचा वाटा किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच की हमी मिळाली ती उपचारांना. संशोधनाला दर वर्षीच्या तरतुदीसाठी हात पसरणं चुकलं नाही. म्हणून यंत्र नेण्याचा मोह टाळा. यंत्र दाखवलं की उत्तरही यंत्राचंच मिळतं.

त्यापेक्षा पाण्याची बाटली न्या. डायलिसिसवरच्या रुग्णाला पाणी मोजूनच प्यावं लागतं; दिवसभरात जेवढं प्यायची परवानगी आहे, तेवढ्यावर मार्करनं रेघ मारा आणि बोलताना ती टेबलावर ठेवा. फार समजावून सांगावं लागत नाही. शिवाय अशा दिवशी प्रत्येक दालनात पेला पुढे येतो आणि संकोचानं घोट घोट घेत संध्याकाळपर्यंत कोटा कधीच ओलांडलेला असतो. 'नको' म्हणायला बाटली कामी येते.

आकडे मोजके आणि पाठ हवेत. जगात सुमारे ८५ कोटी लोकांना मूत्रपिंडाचा कुठला ना कुठला विकार असल्याचा अंदाज आहे. निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास काम करते. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस घेणाऱ्याचं रक्त १२ तास साफ होतं. विलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये पहिल्या रुग्णावर यंत्र चालवलं, तेव्हा पातळ पडद्याच्या एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला द्रावण होतं. यंत्रं खूप सुधारली, मूळ तत्त्व तेच आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या जागतिक आरोग्य सभेनं मूत्रपिंडांच्या आरोग्यावर ठराव मंजूर केला, त्याची प्रत सोबत ठेवा आणि 'यानंतर आपल्याकडे काय झालं?' एवढंच विचारा.

एखादा जाणकार सचिव विचारेल, 'औषध कंपन्या करतातच की संशोधन, सरकारनं कशाला?' इथे बरेच जण अडखळतात. खरं काय ते सांगा. डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं औषध किडनीचा ऱ्हास मंदावतं, मधुमेह नसलेल्यांमध्येसुद्धा, हे २०२० मध्ये जाहीर झालेल्या चार हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीतून दिसलं, आणि ती चाचणी कंपनीच्याच पैशांनी झाली. पण या औषधांचा मूळ धागा सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळ्या काढलेल्या फ्लोरिझिन या पदार्थापर्यंत जातो, आणि तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर बाजार नव्हता. कंपनी जाते ती विक्री असेल तिथे. मध्य अमेरिकेत, श्रीलंकेत, आंध्रच्या उद्दानम भागात शेतात राबणाऱ्यांच्या किडन्या मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही निकामी होतात, आणि नेमकं कारण अजून हाती लागलेलं नाही. ते शोधण्यात कुणाला नफा आहे? लहान मुलांचे दुर्मीळ किडनीविकार, पेटंट संपलेल्या स्वस्त गोळ्यांच्या चाचण्या, यांचंही तेच. सार्वजनिक पैसा इथे लागतो. हे उत्तर सोबतच्या डॉक्टरांवर न सोपवता स्वतः देता आलं पाहिजे.

दोन गोष्टी मात्र बोलू नका. 'कॅन्सरला इतके, आम्हाला एवढेच?' ही तुलना नको. समोरच्याच्या घरात कुणाला काय झालंय, आपल्याला ठाऊक नसतं. आणि 'एवढे पैसे द्या, पाच वर्षांत इलाज निघेल' असंही नको.

तब्येतीचं वेळापत्रक आधी, भेटीचं नंतर. भेटीसाठी डायलिसिस चुकवू नका. पुढे ढकलायचं असेल तर किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी भेट घेतली तर अंगात त्राण नसतं, आणि दोन डायलिसिसमधल्या दोन दिवसांच्या लांब खंडाच्या शेवटी घेतली तर दम लागतो. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेकांना बरं वाटतं. तीच वेळ मागा. फिस्टुलाच्या हाताला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या हाताला, पिशवी अडकवू नका. पोटाचं डायलिसिस (पोटात द्रावण भरून रक्त साफ करणं) करणाऱ्यांनी द्रावणाच्या पिशव्यांसाठी डॉक्टरांचं पत्र ठेवावं, नाहीतर सुरक्षारक्षकाशी हुज्जत ठरलेली. पोटातलं द्रावण बदलायला स्वच्छ खोली मिळेल का, हेही आधीच विचारावं. प्रत्यारोपण झालेल्यांनी मास्क लावावा आणि गोळीच्या वेळेचा गजर. लांबलचक व्हरांडे असतात, त्यामुळे चाकाची खुर्ची मागण्यात कमीपणा नाही.

बरोबर तिघं-चौघं पुरेत: रुग्ण, घरचं एक माणूस, जमल्यास किडनी दिलेली व्यक्ती, आणि एक डॉक्टर किंवा संशोधक. पहिल्यांदा रुग्ण बोलेल, दोन मिनिटं. क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) सगळा इतिहास नको. आजार कळला तेव्हा किती उशीर झाला होता आणि आधी कळलं असतं तर काय वेगळं झालं असतं, एवढं पुरे. डॉक्टर विचारल्यावरच बोलतील, हे त्यांना प्रेमानं आधी सांगून ठेवा.

निवेदन एका पानाचं. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. लोकप्रतिनिधी ऐनवेळी सभागृहात गेले आणि स्वीय सहायकाशीच बोलावं लागलं तर हिरमुसू नका. फाइल कुणाच्या टेबलावर कधी पोचवायची, हे त्यालाच जास्त कळतं. त्याचं नाव आणि ईमेल लिहून घ्या.

तारखेचं म्हणाल तर मार्चचा दुसरा गुरुवार, जागतिक मूत्रपिंड दिन, मला तितकासा पटत नाही. फोटो छान येतात, पण तोवर अनेक ठिकाणी अर्थसंकल्पातले आकडे ठरून गेलेले असतात. खात्यांकडून प्रस्ताव मागवले जातात त्या सुमारास जा. तो काळ कुठला, हे सचिवालयात फोन करून कळतं.

परतल्यावर आठवडाभरात आभाराचं पत्र जाऊ द्या, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर तिथे देता आलं नाही ते त्यातच लिहा. अर्थसंकल्प मांडला गेला की कागदपत्रांत आपल्या मागणीचं लेखाशीर्ष (खर्चाची नोंद) शोधा, मागच्या वर्षीची रक्कम शेजारी मांडा आणि तो कागद घेऊन पुढची वेळ मागा.